परवानगीचे कागद आणि पोटमाळ्यावरची प्रयोगशाळा

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वेलस्ली हे स्त्रियांचं कॉलेज आहे. १८८७ पासून तिथे मेरी व्हिटन कॅल्किन्स ग्रीक शिकवत होत्या. जन्म १८६३चा, शिक्षण स्मिथ कॉलेजात, विषय अभिजात भाषा आणि तत्त्वज्ञान. त्यांची शिकवण्याची हातोटी तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका मेरी केस यांच्या नजरेत भरली. मग कॉलेजने कॅल्किन्स यांना विचारलं : मानसशास्त्राचा नवा अभ्यासक्रम सुरू करायचाय, घ्याल का? अट एकच होती. आधी वर्षभर कुठेतरी जाऊन हा विषय शिकून यायचं.

हे ‘कुठेतरी’ कुठे, हा या प्रकरणातला पेच. उत्तर मिळालं, पण ते मिळवताना जो पत्रव्यवहार झाला त्याने पुढे कॅल्किन्स यांची सगळी ओळखच व्यापून टाकली. मानसशास्त्राच्या कुठल्याही इतिहासात त्यांचं नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : हार्वर्डने ज्यांना पीएचडी नाकारली त्या. ते खरंच आहे, आणि संतापजनकही आहे. पण हे सगळे कागद निर्माण झाले ते एका वर्गासाठी, आणि त्या वर्गात काय शिकवलं गेलं हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. म्हणून हे प्रकरण मी उलट्या टोकाने धरणार आहे. पदवी मागे ठेवू, वर्ग पुढे आणू.

शिकायचं कुठे?

१८९०मध्ये मानसशास्त्र हा विषय कसा होता, ते आज डोळ्यांसमोर आणणं अवघड आहे. त्याआधीच्या पिढीत अमेरिकी कॉलेजांत ‘मानसिक तत्त्वज्ञान’ शिकवलं जाई. बहुधा शेवटच्या वर्षाला, बऱ्याचदा खुद्द कॉलेजच्या अध्यक्षांकडून, एखादं जाडजूड पुस्तक नेमून त्यातलं पाठ म्हणून घेत. त्याला नीतिशास्त्र आणि धर्मशास्त्राची जोड असे. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांची प्रयोगशाळा १८७९पासून चालू होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये स्टॅनली हॉल यांनी १८८३मध्ये प्रयोगशाळा काढली. हार्वर्डात विल्यम जेम्स १८७५पासून शरीरविज्ञान आणि मन यांच्या नात्यावर शिकवत होते. मानसशास्त्रावरचं आपण ऐकलेलं पहिलं व्याख्यान आपणच दिलेलं होतं, असं जेम्स गमतीने म्हणत. या विषयाला अजून गुरुपरंपराच नव्हती. शिकवता शिकवता शिकायचं, हीच रीत.

कॅल्किन्स यांनी दोन-तीन ठिकाणांचा विचार केला. मिशिगनला जॉन ड्युई होते, येलला जॉर्ज ट्रंबल लॅड होते. पण घर बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये, आणि केंब्रिजचं हार्वर्ड तिथून हाकेच्या अंतरावर. शिवाय जेम्स आणि तिथलेच तत्त्वज्ञ जोसाया रॉइस हे दोघेही त्यांना आपल्या चर्चासत्रांत बसू द्यायला राजी होते. नकार आला तो अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्याकडून. स्त्रियांसाठी ‘ॲनेक्स’ नावाची वेगळी सोय होती, तिथे हार्वर्डचे प्राध्यापक जाऊन शिकवत. पण कॅल्किन्स यांना हवी होती ती पदव्युत्तर चर्चासत्रं हार्वर्डच्या आतली. जेम्स यांनी कॅल्किन्स यांना लिहिलेल्या पत्रातला त्रागा प्रसिद्ध आहे : असल्या वागणुकीने तुम्हीच काय, झाडून साऱ्या बायका सुरुंग लावायला उठाल, अशा अर्थाचं ते लिहितात.

आता या दप्तरातला सर्वांत बोलका कागद. कॅल्किन्स यांचे वडील वोलकॉट कॅल्किन्स हे धर्मोपदेशक. त्यांनी हार्वर्डच्या नियामक मंडळाकडे अर्ज केला, वेलस्लीच्या अध्यक्ष हेलन शेफर यांनी त्याला पत्राची जोड दिली. अर्जाची मांडणी पाहण्यासारखी आहे. माझ्या मुलीला विद्यार्थिनी म्हणून घ्या, असं त्यात नाही. जी व्यक्ती आधीच एका कॉलेजच्या अध्यापकवर्गात आहे तिला पदव्युत्तर, व्यावसायिक शिक्षण मिळावं, अशी ती विनंती आहे. म्हणजे विद्यार्थिनीचा नव्हे, शिक्षिकेचा अर्ज. मंडळाने १ ऑक्टोबर १८९० रोजी तो मंजूर केला आणि शेपूट जोडलं : यामुळे त्या विद्यापीठाच्या नोंदणीला पात्र विद्यार्थिनी ठरत नाहीत.

एकूण प्रकरणाची किल्ली मला या शेपटात दिसते. शिक्षिकेला दार उघडलं. विद्यार्थिनीला ते कधीच उघडायचं नव्हतं. पुढच्या बारा वर्षांत जे जे घडलं ते याच एका वाक्याच्या कडेकडेने.

शेकोटीच्या दोन बाजूंना

त्या शरद ऋतूत जेम्स यांच्या चर्चासत्रातले बाकीचे सगळे विद्यार्थी पहिल्या काही आठवड्यांतच गळाले. उरल्या एकट्या कॅल्किन्स. ग्रंथालयातल्या शेकोटीच्या एका बाजूला जेम्स, दुसऱ्या बाजूला त्या, असं चित्र कॅल्किन्स यांनी आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या आत्मकथनपर निबंधात रंगवलंय. ‘प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ हा जेम्स यांचा दोन खंडांतला ग्रंथ नुकताच छापून आला होता. बारा वर्षं खपून लिहिलेलं पुस्तक, आणि ते शिकायला वर्गात एकच जण, तीही नोंदणी नसलेली.

शेकोटीचं हे चित्र सगळ्यांना आवडतं, मलाही आवडतं. पण शिक्षक म्हणून विचार केला तर त्या वर्षातला जास्त उपयोगी माणूस दुसराच होता. वुस्टर गावच्या क्लार्क विद्यापीठातले एडमंड सॅनफर्ड. जेम्स यांना उपकरणांचा मनापासून कंटाळा. सॅनफर्ड यांचं सगळं लक्ष मात्र एकाच प्रश्नावर : चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गाला प्रयोग करायला द्यायचे कसे, तेही थोडक्या पैशांत? प्रतिक्रियेला लागणारा वेळ मोजायचं ‘हिप क्रोनोस्कोप’ नावाचं यंत्र महाग आणि नाजूक होतं. सॅनफर्ड यांनी त्याच कामासाठी दोन लंबकांचं साधं, स्वस्त उपकरण बनवलं. प्रयोगांची त्यांची क्रमवार मालिका ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकॉलॉजी’त १८९१पासून येऊ लागली. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकांचं पहिलं मार्गदर्शक पुस्तक त्यातूनच तयार झालं. कॅल्किन्स यांनी त्यांच्याकडे खासगी शिकवणी लावली.

या शिकवणीत दोघांनी केलेला एक उद्योग आजही वाचताना मजा येते. १८९१च्या वसंतात काही आठवडे रात्री वेगवेगळ्या वेळांचा गजर लावायचा, जाग आली की पडलेलं स्वप्न त्याच क्षणी लिहून काढायचं. कॅल्किन्स यांची २०५ स्वप्नं, सॅनफर्ड यांची १७०. सकाळी दिवसाच्या आठवणींशी ताडून पाहायचं. निष्कर्ष असा की स्वप्नं बहुतांशी अलीकडच्याच माणसांची, जागांची, संवेदनांची उजळणी करतात. १८९३मध्ये हे छापून आलं, आणि फ्रॉइड यांनी स्वप्नांवरच्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली. फ्रॉइड यांना ही उजळणीची कल्पना अर्थातच पुरेशी वाटली नाही. मला यात महत्त्वाचं वाटतं ते निराळंच. कागद, पेन्सिल, गजराचं घड्याळ आणि स्वतःची झोप, एवढ्या सामानावर हा प्रयोग झाला. वर्गात काय चालेल आणि काय परवडेल, याचा सराव कॅल्किन्स यांना इथे मिळाला.

चोपन्न मुली आणि कोकरांचे मेंदू

१८९१च्या शरदात कॅल्किन्स वेलस्लीला परतल्या. कॉलेजची मुख्य इमारत कॉलेज हॉल. तिच्या पाचव्या मजल्यावर, छपराखालच्या पोटमाळ्यावर त्यांनी प्रयोगशाळा मांडली. उपकरणांचा खर्च सुमारे २०० डॉलर. स्त्रियांच्या कॉलेजातली मानसशास्त्राची ही पहिली प्रयोगशाळा, आणि साऱ्या अमेरिकेत धरली तरी पहिल्या डझनभरातली. शरीरविज्ञानाच्या बाजूने मानसशास्त्राकडे जाणारा हा अभ्यासक्रम. वर्गात नाव घातलेल्या मुली ५४.

अभ्यासक्रम कसा चालला हे त्यांनी १८९२मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकॉलॉजी’तच लिहिलं. हा लेख कोणाच्या खास दप्तरात नाही, ग्रंथालयात कुठेही मिळतो, आणि या प्रकरणाचा माझ्या मते तोच सगळ्यांत मोलाचा कागद. सुरुवात मेंदूपासून. मुलींनी कोकरांच्या मेंदूंचं विच्छेदन केलं. विचार करून पाहा : वर्षापूर्वीपर्यंत ग्रीक क्रियापदं चालवून घेणाऱ्या बाई, आणि आता टेबलावर मेंदू. मग संवेदनांचे प्रयोग. सॅनफर्ड यांच्या मालिकेची सुरुवातही त्वचेपासूनच होते. थंड केलेलं धातूचं टोक हाताच्या मागच्या बाजूवरून हळूहळू फिरवायचं. गारवा सलग जाणवत नाही. एखाद्या बिंदूवर एकदम लख्ख जाणवतो, मध्ये काहीच नाही. ते बिंदू शाईने खुणावायचे. थोड्या वेळाने पुन्हा फिरवलं की त्याच खुणांवर पुन्हा गार. जिच्या हातावर हा नकाशा उमटला तिला ‘संवेदना’ या शब्दाची व्याख्या पाठ करायला लावायची गरज उरत नाही. जुन्या ‘मानसिक तत्त्वज्ञाना’च्या तासापेक्षा निराळं काय होतं, ते एवढ्यात कळतं.

चवीचे प्रयोग मात्र साफ फसले. जिभेच्या वेगवेगळ्या भागांवर गोड, खारट, आंबट, कडू द्रावणं लावायची, तोंड धुवायचं, पुन्हा लावायची, असं हे काम. मुलींना ते इतकं नकोसं झालं की मानसशास्त्राचा विशेष अभ्यास न करणाऱ्या सर्वसाधारण वर्गाला हे प्रयोग पुन्हा देऊ नयेत, असं कॅल्किन्स यांनी लेखात सरळ नोंदवलंय. संशोधनलेखात असलं वाक्य सहसा सापडत नाही. संशोधक फसलेला प्रयोग वगळून पुढे जातो. शिक्षक तो लिहून ठेवतो, कारण पुढच्या वर्षी पुन्हा वर्ग आहे आणि दुसऱ्या कुठल्या कॉलेजातही कोणीतरी हाच घोळ घालणार आहे.

पोटमाळ्यावरून लवकरच संशोधनही बाहेर पडू लागलं, आणि त्याचा कच्चा माल वर्गच होता. रंगीत श्रवण, म्हणजे अक्षर किंवा आवाजाबरोबर रंग दिसणं, आणि आकडे मनात ठरावीक आकृतीत मांडलेले दिसणं, याची पाहणी कॅल्किन्स यांनी कॉलेजातच केली. पुढे वेलस्लीच्या प्रयोगशाळेतले छोटे अभ्यास मालिकेने छापून येत राहिले आणि त्यांवर मुलींची नावं असत.

त्यातला एक अभ्यास विस्ताराने सांगायलाच हवा. विस्कॉन्सिन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जोसेफ जॅस्ट्रो यांनी २५ पुरुष आणि २५ स्त्री विद्यार्थ्यांना होईल तितक्या भरभर १०० शब्द लिहायला सांगितले. पाच हजार शब्दांची छाननी करून ते म्हणाले, स्त्रियांच्या याद्या एकमेकींशी जास्त जुळतात. स्त्रियांचं मन जवळच्या, सजावटीच्या, मूर्त गोष्टींत रमतं, पुरुषांचं दूरच्या, उपयोगाच्या, अमूर्त गोष्टींत. वेलस्लीत कॉर्डेलिया नेव्हर्स या विद्यार्थिनीने हाच प्रयोग कॅल्किन्स यांच्या देखरेखीखाली पुन्हा केला. निकाल जुळले नाहीत. १८९५मध्ये ‘सायकॉलॉजिकल रिव्ह्यू’त ते छापून आले, जॅस्ट्रो यांनी उत्तर दिलं, आणि १८९६मध्ये कॅल्किन्स यांनी स्वतः प्रत्युत्तर लिहिलं. त्यांचा मुद्दा ‘आमच्या मुली हुशार’ असा नव्हता. लहानपणापासून मुलगे आणि मुली वेगळ्या वातावरणात, वेगळ्या वळणात वाढतात; हा फरक बाजूला काढता येत नाही तोवर ‘पुरुषी मन’ आणि ‘स्त्री मन’ अशी विधानं करणं पोकळ आहे, हा तो मुद्दा. पद्धतीचा आक्षेप, आणि तो उभा राहिला तो वर्गातल्या एका स्वाध्यायावर. ज्या विद्यार्थिनींच्या मनाबद्दल सिद्धान्त मांडला गेला, त्यांच्यातलीच एक तो तपासायला बसली होती.

पुन्हा तेच दार

पदवीच्या कथेचा पुढचा भाग बऱ्याच जणांना ठाऊक असतो, म्हणून थोडक्यात. १८९२मध्ये ह्यूगो म्युन्स्टरबर्ग जर्मनीहून हार्वर्डला आले आणि प्रयोगशाळा त्यांच्या हाती गेली. (हेच म्युन्स्टरबर्ग पुढे नरेंद्रनाथ सेनगुप्त यांचेही शिक्षक. सेनगुप्त यांनी परतून कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उभा केला. आपल्याकडची या विषयाची पाळंमुळं याच प्रयोगशाळेपर्यंत जातात.) कॅल्किन्स आधी वेलस्लीचं काम सांभाळून, आणि १८९४–९५मध्ये रजा घेऊन म्युन्स्टरबर्ग यांच्याकडे काम करत होत्या. रंगाचा तुकडा दाखवायचा, त्याच्या जोडीला आकडा. मग नुसता रंग दाखवून आकडा विचारायचा. कुठली जोडी जास्त पक्की बसते : ठसठशीत आकड्याची, सगळ्यांत शेवटी आलेली, सगळ्यांत आधी आलेली, की वारंवार आलेली? वारंवारतेने बाकी सगळ्यांना मागे टाकलं. स्मृतीच्या अभ्यासातली जोड्यांची ही पद्धत पुढे जगभर रुजली. पाठांतराने पाठ होतं, हे कुठल्याही शिक्षकाला ठाऊक असतं. ते इतर कारणांपासून सुटं करून मोजायची युक्ती मात्र तोवर कोणाकडे नव्हती.

म्युन्स्टरबर्ग यांनी कॅल्किन्स यांच्यासाठी पीएचडीच्या उमेदवार म्हणून मान्यता मागितली. ऑक्टोबर १८९४मध्ये मंडळाचं उत्तर आलं : पाहुण्या म्हणून स्वागत, उमेदवार म्हणून नाही. २८ मे १८९५ रोजी विभागाने तरीही परीक्षा घेतली, अनधिकृत. जेम्स, रॉइस, म्युन्स्टरबर्ग, सांतायाना हे परीक्षकांत होते. हार्वर्डात झालेली पीएचडीची ही सर्वांत चमकदार परीक्षा, असं जेम्स यांचं मत पडलं. पदवी मिळाली नाही. १९०२मध्ये रॅडक्लिफ या स्त्रियांच्या कॉलेजची पीएचडी चौघींना देऊ केली गेली. तिघींनी घेतली. कॅल्किन्स यांनी नाकारली. ज्या संस्थेत काम केलं तिनेच पदवी द्यावी, ही त्यांची भूमिका. नकार कळवणाऱ्या त्यांच्या पत्रात बाकीच्या तिघींविषयी आदर आहे, आणि पदवी नसण्याची मला अधूनमधून अडचण होते अशी प्रांजळ कबुलीही आहे. १९०५मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या त्या अध्यक्ष झाल्या, पहिल्या स्त्री अध्यक्ष.

दप्तराचा आकार

कॅल्किन्स यांचे कागद वेलस्लीच्या अभिलेखागारात आहेत. जेम्स यांचे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात, म्युन्स्टरबर्ग यांचे बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात, मंडळाचे ठराव हार्वर्डच्या दप्तरात. या विखुरलेल्या कागदांतून सलग हकीकत जुळवण्याचं श्रेय मुख्यतः लॉरेल फुरुमोटो यांना. त्या स्वतः वेलस्लीतच मानसशास्त्र शिकवत. १९८०च्या सुमारास त्यांचे लेख आले आणि कॅल्किन्स पुन्हा चर्चेत आल्या.

पण दप्तराचा एक स्वभाव असतो. नकार देताना संस्था तारीख घालून, शिक्का मारून लिहून देते, आणि त्याची प्रत ठेवते. शिकवताना असं कोणी करत नाही. फळ्यावरचं पुसलं जातं, कोकराचा मेंदू टाकून दिला जातो, मुलीच्या हातावरचे शाईचे ठिपके संध्याकाळपर्यंत धुऊन जातात. त्यात १७ मार्च १९१४च्या पहाटे कॉलेज हॉलला आग लागली. माणसं सगळी सुखरूप बाहेर पडली. इमारत काही तासांत संपली आणि मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेचं सामान तिच्याबरोबर गेलं. तोवर प्रयोगशाळा एलिनर गॅम्बल बघत होत्या. कॉर्नेल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ टिचनर यांच्या हाताखाली तयार झालेल्या गॅम्बल १८९८मध्ये वेलस्लीला आल्या होत्या, आणि प्रात्यक्षिकांचा भार कॅल्किन्स यांनी त्यांच्याकडे सोपवला होता.

मग उरतं काय? छापलेली पुस्तकं. शिक्षकाच्या पुस्तकाला पुरावा म्हणून वाचायची आपल्याला सवय नाही, पण इथे ते भाग आहे. १९०१च्या ‘ॲन इंट्रोडक्शन टू सायकॉलॉजी’त कॅल्किन्स यांनी प्रत्येक विषय दोनदा मांडला : एकदा संवेदना-कल्पनांच्या प्रवाहाच्या अंगाने, एकदा अनुभव घेणाऱ्या ‘स्व’च्या अंगाने. हा ‘स्व’ त्यांच्या मानसशास्त्राचा गाभा. ज्याचा अनुभव त्याला वगळून अनुभव अभ्यासता येत नाही, यावर त्या शेवटपर्यंत भांडल्या. १९०९च्या ‘ए फर्स्ट बुक इन सायकॉलॉजी’त ही दुहेरी मांडणी गेली. ‘स्व’ पहिल्या पानांवर आला आणि बाकी सगळं त्याच्यामागून.

यामागे सिद्धान्त होताच. पण मला त्यात आठ वर्षांचे वर्गही दिसतात. एकच गोष्ट दोन तऱ्हेने समजावली की नवशिक्या विद्यार्थ्याचा चेहरा कसा होतो, हे ज्याने पाहिलंय तो पुढच्या पुस्तकात एक तऱ्हा काढून टाकतो. चवीच्या प्रयोगांचं जे झालं, तेच इथे झालं असावं. फरक इतकाच की १८९२मध्ये त्यांनी कारण लेखात लिहून ठेवलं, आणि या वेळी ते दोन पुस्तकं शेजारी उघडून, प्रकरणांचा क्रम ताडून शोधावं लागतं.

१९२९मध्ये त्या वेलस्लीतून निवृत्त झाल्या, २६ फेब्रुवारी १९३०ला गेल्या. त्याच वर्षी छापून आलेल्या आत्मकथनात हार्वर्डच्या मंडळाला जेमतेम जागा आहे : नैसर्गिक खेद वाटला, पण तिथल्या शिक्षकांकडे काम करू दिलं याबद्दलची कृतज्ञता त्याने झाकोळली नाही, एवढंच. जेम्स, रॉइस, सॅनफर्ड, म्युन्स्टरबर्ग यांची नावं मात्र एकेक करून येतात, आणि प्रत्येकाकडे काय शिकायला मिळालं तेही.